वर्षातून दोनदा उडणाऱ्या घराचे पॉइंट

आमच्या घरातलं कोणीतरी वर्षातून फार तर दोनदा विमानात बसतं. विमानाचे किस्से मात्र बारा महिने चालू असतात. एकदा जाऊन आलेला माणूस सहा महिने सांगत राहतो, ऐकणारा त्यात स्वतःचं थोडं मिसळतो, आणि एक दिवस तोच किस्सा एखादं गिऱ्हाईक आम्हालाच सांगायला लागतं! मी फारशी बोलत नाही, दुकानात मागे हार करत बसलेली असते. त्यामुळे सगळे किस्से माझ्यापाशी येऊन थांबतात. आता बरेच साठलेत आणि आता त्यांच्यावर निवांत हसताही येतं, म्हणून लिहून काढते.

अकोल्याला जठारपेठेत आमचं फुलांचं दुकान आहे. शेतात झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब. घरात आबा म्हणजे माझे आजोबा, आई, बाबा आणि मी. ताई नोकरीसाठी बंगलोरला गेली आणि लग्नानंतर तिथेच राहिली. प्रमोदकाका हे बाबांचे धाकटे भाऊ. ते अमरावतीला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर असतात, म्हणून आमच्या घराची सगळी ऑनलाइन कामं त्यांच्याकडे.

यंदा ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे विचारायचंही नसतं. पण डॉक्टर तिला म्हणाले, प्रवास अजिबात नाही. मग माहेरानेच तिच्याकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे आई! अडचण अशी, की तारीख दसऱ्यानंतर आठ दिवसांची होती, आणि दसऱ्याचे हार आईशिवाय होत नाहीत. शिवाय बाळ तारीख पाळेलच असं नाही. ताई फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तू तेव्हा असशील ना?" म्हणून ऐनवेळी दिवस बदलता येईल असं तिकीट हवं होतं. तसं तिकीट विमान कंपनीच्या पॉइंटवर मिळतं, असं काकांचं म्हणणं. आणि आमचे पॉइंट कुठे होते, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं!

*

आई-बाबा पहिल्यांदा विमानाने गेले ते ताईला खोली बघून द्यायला. काका तिकीट काढत होते. स्क्रीनवर एक चौकट आली: सभासद क्रमांक.

"हे काय विचारून राह्यलं?" बाबा म्हणाले.

"दादा, कंपनीचा सभासद झालं की दर खेपेले पॉइंट भेटतात. पॉइंट जमले की फुकट तिकीट."

बाबांना सभासद व्हायला फार आवडतं. ते दूध सोसायटीचे सभासद आहेत, वाचनालयाचे आहेत, फूल उत्पादकांच्या मंडळाचेही आहेत. त्यांनी लगेच होकार दिला. मग विचारलं, "वार्षिक सभा कुठं रायते?"

"सभा नसते, दादा."

"मंग नाश्ता?"

"तोही नाई."

बाबांनी स्क्रीनवरच्या त्या चौकटीवर बोट ठेवलं. "मंग सभासद होऊन माणसानं करावं काय?"

*

कंपनी कोणती धरायची, यावर घरात बैठक झाली. कंपन्यांची खरी नावं आमच्याकडे कोणी घेत नाही. एक चॉकलेटवाली, कारण तिने पुढे आईला उतरताना दोन चॉकलेटं दिली. एक उशिरावाली. आणि एक मुंबईवाली, कारण ती कुठेही जायचं असलं तरी आधी मुंबईला नेते.

काका सांगत होते, की जास्त उडलं की चांदीचं कार्ड मिळतं आणि त्याहून जास्त उडलं की सोन्याचं.

आई भाजी निवडता निवडता थांबली. "किती तोळ्याचं?"

"वहिनी, प्लॅस्टिकचं असते ते."

"मंग सोन्याचं काहून म्हणता, भाऊजी?"

काकांनी समजावून सांगितलं, की नुसतं म्हणायचं सोन्याचं. रांगेत पुढे सोडतात, सामान जास्त नेऊ देतात. पण त्यासाठी वर्षात वीस-पंचवीस वेळा उडावं लागतं.

आबा खाटेवर होते. "इतल्यांदा तर म्या यंदा वावरात बी नाई गेलो," ते म्हणाले.

"आबा, तुमचं मत सांगा. कोणती घ्यायची?"

"जे पडत नाई ते घ्या."

शेवटी काकांनी निकाल दिला: तिन्ही घ्या, सभासद व्हायला पैसे पडत नाहीत. झालं! त्यानंतर ज्या खेपेला जे विमान सोयीचं, त्यात आम्ही बसलो, आणि तिन्हीकडे थोडे थोडे पॉइंट जमत असतील असं धरून चाललो. आता मला कळतं, की कधीमधी उडणाऱ्या माणसाने हेच करायचं नसतं. पण तेव्हा मी सातवीत होते आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

*

खरी गंमत पुढेच आहे. सभासदत्व कोणाच्या नावाने घ्यायचं?

आमच्या घरी हा प्रश्न पडतच नाही. लाइटचं बिल आबांच्या नावाने, गॅस आबांच्या नावाने, दुकानाची पाटी आबांच्या नावाची. लग्नपत्रिकेत पहिलं नाव आबांचं. त्यामुळे तिन्ही कंपन्यांचे सभासद झाले आबा! आणि आबा अजून एकदाही विमानात बसलेले नाहीत.

फोन नंबरही आबांचाच दिला होता. त्यांच्या वाढदिवसाला तिन्ही कंपन्यांचे शुभेच्छांचे मेसेज आले. आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. "पाहा," ते बाबांना म्हणाले, "तुले तरी ध्यानात होतं का?"

काही महिन्यांनी चॉकलेटवालीचा वेगळा मेसेज आला. मी भाषांतर करून सांगितलं, "आबा, ते म्हणतात, तुम्ही बरेच दिवसांत आमच्यासोबत उडला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते."

आबा खाटेवर उठून बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. म्हणाले, "लिही त्याइले. गुडघे दुखतात म्हणावं."

*

मागच्या वर्षी बाबा नागपूरच्या विमानतळावर काउंटरवर उभे होते. त्यांनी मोठ्या विश्वासाने आबांचा नंबर सांगितला. काउंटरवरच्या मुलीने बघितलं आणि म्हणाली, "सर, तिकिटावरचं नाव वेगळं आहे."

"बापाचं नाव हाये ते."

"पण सर, प्रवास तुम्ही करताय."

"हो, पण घर एकच हाये ना!"

ती मुलगी चांगली होती. तिने शांतपणे सांगितलं, "सर, जो उडतो त्यालाच पॉइंट मिळतात."

बाबा बाजूला झाले. आई सांगते, आबांचा नंबर लिहिलेला कागद विमान सुटेपर्यंत त्यांच्या हातात होता. तोवरच्या सगळ्या खेपांचा एकही पॉइंट आबांच्या नावावर चढला नव्हता आणि बाबांच्या नावावर तर खातंच नव्हतं. बाबांना त्याचं एवढं नव्हतं. बंगलोरला उतरल्यावर त्यांनी आईला फक्त एक ताकीद दिली:

"आबाले सांगू नको. त्याइले वाटते, आपण सगळे त्याइच्याच नावानं उडतो."

*

यंदा ताईची बातमी आली आणि काका तातडीने अमरावतीहून एसटीने आले. गळ्यात मानेची उशी! ती त्यांना उशिरावालीच्या पॉइंटवर मिळाली होती. काकांनी मात्र स्वतःचं सभासदत्व स्वतःच्याच नावाने काढलं होतं. पण वर्षभर ते उडले नाहीत आणि पॉइंटची मुदत संपायला चार दिवस उरले. तेवढ्या पॉइंटात तिकीट येत नव्हतं, उशी येत होती. तेव्हापासून ते एसटीत ती उशी घालून बसतात. कंडक्टर त्यांना 'पायलटसाहेब' म्हणतो.

"दादा, चिंता करू नको," काका म्हणाले. "मुंबईवाली धर. आता आमच्या अमरावतीले विमानतळ झालं. तुमच्या अकोल्यात काय हाये? नुसती धावपट्टी! वहिनी अमरावतीवरून मुंबईले जातीन, मुंबईवरून बंगलोरले."

आबांनी डोळे मिटूनच विचारलं, "म्हणजे अकोल्यावरून मूर्तिजापूरले जायाचं अन् तेही उलटं बुलढाण्यावरून जायाचं?"

काकांनी उशी काढून मांडीवर ठेवली.

"अन् ते विमान रोज नसते," आई हळूच म्हणाली. "पोरगी काय वेळापत्रक पाहून बाळंत होईन का, भाऊजी?"

तोवर सगळे हसत होते. आईच्या त्या वाक्यानंतर घरात कोणी पॉइंटवर विनोद केला नाही.

*

त्या रविवारी मी तिन्ही कंपन्यांचे नियम वाचले. बारीक अक्षरातले पण. विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढले. दहावीचं वर्ष आहे, म्हणून आईला वाटलं मी प्रकाशाचं अपवर्तन करते आहे.

तिने रात्रीच्या स्वयंपाकाआधी वही उघडली आणि चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचत राहिली. मग म्हणाली, "मने, हे मले सांग. साध्या भाषेत."

मी सांगितलं. पहिलं म्हणजे, आपण फक्त नागपूर-बंगलोर करतो, त्यामुळे तिथे थेट जाणारी एकच कंपनी धरायची. ती चॉकलेटवाली. दुसरं, सोन्याचं कार्ड विसरायचं, ते आपल्यासाठी नाहीच. तिसरं, पॉइंट किती मिळतात हे नंतर बघायचं, ते किती दिवस जिवंत राहतात हे आधी. चॉकलेटवालीचे सगळ्यात जास्त दिवस राहतात. चौथं, प्रत्येकाने आपापल्या नावाने सभासद व्हायचं आणि मग घराचं एक खातं करायचं. त्यात सगळ्यांचे पॉइंट एकत्र होतात. ताई कामासाठी त्याच कंपनीने फिरते, तिचेही येतील. आणि पाचवं, त्यांचं पॉइंटवरचं तिकीट आदल्या दिवसापर्यंत, जागा असेल तर त्या दिवशीही, बदलता येतं.

"आधी काहून नाई बोलली?"

"कोणी विचारलं नाही."

आईने वही बंद केली. "उद्यापासून विचारीन," ती म्हणाली. आणि खरंच विचारते! परवा तिने मला कुकरची रिंग कोणत्या कंपनीची घ्यावी हेही विचारलं.

*

जुन्या खेपांचे पॉइंटही मागता येत होते, पण फक्त मागच्या वर्षभरातले आणि बोर्डिंग पास असेल तरच. बाबांनी कपाळाला हात लावला. "ते चिठोरे कोण ठेवते?"

आईने कपाट उघडलं. ज्या कार्यक्रमाला जी साडी नेसली, त्या कार्यक्रमाची एक खूण ती त्या साडीच्या घडीत ठेवते. लग्नपत्रिकेचा तुकडा, ओटीतली सुपारी, असं काही. विमानात नेसलेल्या साड्यांत बोर्डिंग पास होते. तिचा आणि बाबांचा, दोन्ही.

"याची कोणती?" बाबांनी एक पास वर धरला.

"हिरवी. परतीची."

सगळे पास पाच मिनिटांत सापडले. वर्षभराच्या आतले मी वेगळे काढले आणि कंपनीला पाठवले. बाबा तोवर त्या कपाटासमोरच उभे होते. शेवटी म्हणाले, "आपल्या दुकानाच्या पावत्या पण तूच ठेवत जा."

*

घराच्या खात्याचा प्रमुख कोण? अर्थात आबा! याबाबतीत बाबा माझ्या वहीचंही ऐकणार नव्हते. आबांचा जुना नंबर होताच, त्यामुळे खातं त्यांच्याच नावाने उघडलं. कंपनीकडून खात्री करायला आबांनाच फोन आला. मी स्पीकर लावला.

आबा महानुभाव पंथाचे. कोणाचाही फोन असो, ते आधी तेच म्हणतात, "दंडवत प्रणाम!"

पलीकडची मुलगी क्षणभर थांबली. मग तिनेही म्हटलं, "जी, प्रणाम. सर, सुरक्षा के लिए एक सवाल. आपने आख़िरी यात्रा कब की थी?"

"चैत में."

"कहाँ की, सर?"

"रिद्धपूर." म्हणजे आबांच्या पंथाचं तीर्थ.

"सर, मुझे लिस्ट में रिद्धपूर एअरपोर्ट नहीं दिख रहा."

"कैसे दिखेगा? एष्टी से गया था."

बाबा दोन्ही हातांनी मला खुणा करत होते. मी कधीच अनोळखी माणसाशी फोनवर बोलत नाही. पाहुण्यांचा फोन आला तरी मी आईकडे देते. पण आई अंगणात होती आणि फोन माझ्याच हातात. मी तीन वाक्यं बोलले: आबांनी विमानप्रवास केलेला नाही, आम्ही घरचं खातं काढतोय, माझ्या ताईसाठी आईला जायचं आहे. ती मुलगी म्हणाली, "ठीक है, बेटा. हो गया."

एवढंच. हो गया! मी फोन ठेवला. आबा खूश होते. म्हणाले, "चांगल्या घरची पोरगी वाटली."

ताईचे, आईचे, बाबांचे पॉइंट एकत्र झाले आणि एक तिकीट आलं. दसऱ्यानंतर दोन दिवसांचं. आईने दारावर लावलेल्या कॅलेंडरवर त्या दिवशी हळदीचा ठिपका लावला.

*

आणि बाळाने तारीख पाळली नाही.

दसऱ्याला आम्ही उजाडायच्या आधीपासून दुकानात असतो. साडेपाचला जिजाजींचा फोन आला. ताईला दवाखान्यात नेलं होतं. आईच्या हातात अर्धा हार होता. तो तिने खाली ठेवला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी कंपनीला फोन लावला. या वेळी कोणाला खुणा कराव्या लागल्या नाहीत. साडेअकराच्या विमानात जागा होती. एक. मी म्हटलं, "द्या." मराठीतच म्हटलं! पण पलीकडे कळलं असावं, कारण दोन मिनिटांत आईच्या नावाचं नवीन तिकीट आलं.

शेजारच्या मिठाईवाल्यांनी त्यांची गाडी काढली. आई हाताला झेंडूचा पिवळा रंग तसाच घेऊन बसली. काका अमरावतीच्या बायपासला स्कूटर लावून उभे होते. गाडी थांबली तेवढ्यात त्यांनी डबा आत दिला आणि ओरडून सांगितलं, "वहिनी, खिडकीची जागा मागा!" आई आजवर एकटी साधी अमरावतीलाही गेली नव्हती. नागपूरहून तिचा एक मेसेज आला: बसली.

त्यानंतर तिचा फोन बंद.

दुकानासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्यांचे हार, दारांची तोरणं, आपट्याची पानं. आईच्या जागेवर मी बसले होते. आबा गल्ल्यापाशी खुर्चीवर, बाबा झेंडूच्या ढिगापाशी तराजू घेऊन. बाबा दर पाच मिनिटांनी विचारत, "उतरलं का?" जणू काही विमान माझ्याच हातात होतं. दीड वाजता मी कंपनीच्या साइटवर बघून म्हटलं, उतरलं. मग ते विचारायला लागले, "पोचली का?"

सव्वातीनला फोन आला. मी स्पीकर लावला, कारण बाबांचे हात भरलेले होते.

"मी पोचली," आई म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "आतच घेतलं मले तिच्यापाशी. पोचल्यावर वीस मिनिटांनी झाली. पोरगी हाये. दोघी बऱ्या हायेत. ऐकू येऊन राह्यलं ना?"

समोरची सगळी रांग फोनकडे वाकली होती.

आमच्याकडे फुलाला पाय लागला तरी वाकून नमस्कार करावा लागतो. बाबांचाच नियम आहे. मी चार वर्षांची असताना शेवंतीच्या पाटीवर बसले होते, तेव्हा त्यांनी मला दुकानातून बाहेर उभं केलं होतं.

बाबांनी तराजू खाली ठेवला आणि ते झेंडूच्या ढिगावर बसले. चांगले मांडी घालून, भर दसऱ्याला, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. फुलं दोन्ही बाजूंनी घरंगळून रस्त्यावर गेली. मी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "बसू दे त्याले."

रांगेत पहिल्या नंबरवर एक म्हातारी आजी होती. तिने पिशवी उघडून बाबांसमोर धरली.

"भाऊ," ती म्हणाली, "मले तू बसला हायेस ना, त्यातलेच दोन किलो दे."